दगड आणि माणसे

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाचे देवालय मी किती वेळा पाहिले, याची गणती माझ्यापाशी नाही. शिक्षक असताना दरवर्षी आमच्या शाळेची एखादी तरी सहल तेथे जाई. मुले दर्शन घेत, आवारात बसून शिदोऱ्या सोडीत आणि मग मी त्यांना देवळाच्या बाहेरून एक सावकाश फेरी घालावयास सांगत असे. देवाचे दर्शन घ्यावयाचे तर गाभाऱ्यात उतरावे; परंतु देवळाचे दर्शन घ्यावयाचे तर त्याच्या भोवती फिरावे लागते.

हे देवालय यादवांच्या राजवटीत, तेराव्या शतकाच्या सुमारास उभे राहिले. अशा बांधणीला आपण हेमाडपंती म्हणतो. यादवांचा प्रधान हेमाद्रि ऊर्फ हेमाडपंत याच्या नावावरून हे नाव रूढ झाले. वस्तुतः ही पद्धत त्याच्या आधीपासूनच प्रचारात होती. खालच्या काळ्या दगडाच्या भिंतींवर हत्ती आणि देवदेवतांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. वरचे शिखर मात्र नंतरच्या काळातले आहे. मूळ शिखर गेले, तरी पुढच्या पिढ्यांनी आपल्या ऐपतीप्रमाणे नवे उभारले. एकाच इमारतीत दोन युगे अशी एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत.

एकदा सातवीतील एका मुलाने दोन दगडांच्या सांध्यात नख घालण्याचा प्रयत्न केला. नख आत जाईना. तो म्हणाला, “गुरुजी, येथे चुना तर कोठेच दिसत नाही. मग हे दगड पडत कसे नाहीत?”

प्रश्न फार मोलाचा होता. मी त्याला सांगितले, की पाथरवटाने प्रत्येक दगड असा घडविला आहे की तो शेजारच्या दगडात नेमका बसावा. खालच्याने वरच्याला आधार द्यावा आणि वरच्याने आपल्या भाराने खालच्याला जागच्या जागी धरून ठेवावे. येथे कोणी कोणाला चिकटलेला नाही. सर्वांनी एकमेकांना सावरले आहे, एवढेच.

सेवानिवृत्त झाल्यावर इटली देश पाहण्याचा योग आला, तेव्हा हाच प्रश्न मला रोम शहरात पुन्हा भेटला. तेथील ‘कोलोसियम’ ही जगप्रसिद्ध रंगभूमी इ. स. 80 मध्ये टायटस बादशहाने खुली केली. मध्यभागी लंबवर्तुळाकार मैदान आणि त्याच्या भोवती एकावर एक चढत गेलेल्या बैठकींच्या रांगा, अशी तिची रचना आहे. जवळजवळ 50,000 माणसे तेथे बसत असावीत, असे जाणकार सांगतात. तिच्या बाहेरच्या प्रचंड भिंतीतील दगडही चुन्यावाचून रचलेले आहेत. ते लोखंडी सांधपट्ट्यांनी जोडले होते. परंतु आज त्या भिंतीवर जागोजागी देवीच्या व्रणांसारखी भोके दिसतात. मध्ययुगात लोखंड दुर्मिळ होते, म्हणून लोकांनी दगड फोडून त्या पट्ट्या उपटून नेल्या!

तेथे उभे राहिलो असता माझ्या मनात आदर आणि खेद एकाच वेळी दाटून आले. आदर कारागिरांच्या कौशल्याबद्दल, आणि खेद त्या जागेच्या इतिहासाबद्दल. कारण त्या मैदानावर पसरलेली वाळू रक्त शोषून घेण्यासाठी होती. गुलाम, युद्धकैदी आणि गुन्हेगार यांना तेथे एकमेकांशी किंवा हिंस्र पशूंशी झुंजविले जाई, आणि हजारो माणसे ते पाहून टाळ्या पिटीत. बैठकींचीही प्रतवारी ठरलेली होती. मैदानालगत राज्यसभेचे सभासद, त्यांच्या मागे श्रीमंत, त्यांच्या वर सामान्यजन. आणि अगदी उंचावर, जेथून नीट दिसतही नसे, तेथे स्त्रिया आणि गोरगरीब.

ती उतरंड पाहताना मला आमचे औंढाच आठवले. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ज्या नर्सी गावाकडे पाहिले जाते, ते आमच्याच जिल्ह्यात आहे. नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर औंढ्यालाच भेटले, अशी परंपरा आहे. तेथील एक कथा भाविक मोठ्या प्रेमाने सांगतात. नामदेव देवळासमोर कीर्तन करीत असता, ते उच्च कुळातले नव्हेत म्हणून त्यांना तेथून उठविण्यात आले. ते मुकाट्याने देवळाच्या मागे जाऊन कीर्तन करू लागले. तेव्हा सारे देऊळच फिरले आणि त्यांच्या सन्मुख झाले! देऊळ खरोखर फिरले की नाही, हा वाद आपण करू नये. माणसाला मागे बसविणारे नियम देवाला मान्य नाहीत, हे सत्य त्या काळच्या लोकांनी कथेच्या रूपाने जपून ठेवले, हे महत्त्वाचे आहे. दगड उच्चनीच जाणत नाहीत. ती विभागणी माणसे करतात, आणि मोडायची झाली तर माणसांनीच ती मोडावी लागते.

आता दुसरा प्रश्न. इतक्या जुन्या वास्तूंपैकी काही टिकतात आणि काही नाहीशा होतात, असे का?

भूकंपाने पडझड होते, हे खरे. 1349 साली झालेल्या भूकंपात कोलोसियमची दक्षिणेकडील बाजू कोसळली. परंतु भूकंप काही क्षणांत थांबला. माणसे मात्र थांबली नाहीत. पडलेले दगड वाडे आणि प्रार्थनामंदिरे बांधण्यासाठी शतकानुशतके वाहून नेण्यात आले. ही जागा पवित्र आहे, असे 1749 साली पोपने घोषित केले, आणि त्यानंतर लोकांची दृष्टी पालटली.

याच देशात व्हेरोना नावाचे शहर आहे. तेथील रंगभूमीही सुमारे दोन हजार वर्षांची आहे. 1117 सालच्या भूकंपात तिची बाहेरची भिंत ढासळली आणि केवळ चार कमानी उरल्या. परंतु आतील पायऱ्या लोकांनी सांभाळल्या. 1913 पासून उन्हाळ्यात तेथे संगीत नाटके होतात. जेथे एके काळी माणसे मरताना पाहिली जात, तेथे आज माणसे गाणे ऐकतात. कोलोसियमनेही आपला स्वभाव बदलला आहे. गेल्या शतकाच्या अखेरीपासून, जगात एखाद्या देशाने फाशीची शिक्षा रद्द केली, की तेथे खास दीप उजळण्याची प्रथा पडली आहे. मृत्यूचा तमाशा पाहिलेल्या त्या दगडांवर आता जीवदानाचा प्रकाश पडतो!

यावरून मला असे वाटते, की वास्तू दोन गोष्टींवर जगते : माणसांच्या वापरावर आणि माणसांच्या मायेवर. औंढ्याचे देवालय टिकले, कारण तेथील दिवा विझला नाही. याउलट आमच्या मराठवाड्यात कितीतरी जुन्या देवळांचे कोरीव दगड गोठ्याच्या भिंतीत चिणलेले दिसतात. बारवांचीही तीच कथा. चारही बाजूंनी पाण्याकडे उतरत जाणाऱ्या बारवेच्या पायऱ्या पाहिल्या, की मला रोमन रंगभूमीच आठवते. फरक एवढाच, की तेथील पायऱ्या रक्ताकडे उतरत होत्या, आणि आमच्या पूर्वजांनी त्या पाण्याकडे नेल्या. अशा जलमंदिरांत नळ आल्यापासून आपण केरकचरा टाकू लागलो, याला काय म्हणावे? सुदैवाने काही गावे जागी होत आहेत. परभणी जिल्ह्यातील वालूर येथील ग्रामस्थांनी आपल्या बुजलेल्या बारवा अलीकडच्या काळात मोकळ्या केल्या, हे उदाहरण किती उत्साह देणारे आहे!

मुलांनो, तुमच्या गावातही एखादे पडके देऊळ, एखादी बारव किंवा वेशीची कमान असेल. तिच्याजवळ जा. तिच्यावर खिळ्याने आपले नाव कोरू नका. ज्यांनी ती घडविली, त्या पाथरवटांनीही आपली नावे मागे ठेवली नाहीत. तिच्याभोवती सावकाश एक फेरी घाला, तिचे माप घ्या, गावातील वडीलधाऱ्यांना तिची कथा विचारा आणि ती वहीत उतरवून ठेवा. दगड एकमेकांना सावरून सातशे वर्षे उभे राहू शकतात. त्यांना यापुढे सावरण्याचे काम तुमच्या हातांचे आहे.