तीन बकऱ्यांची ऊब

विश्रांतवाडीत, टिंगरेनगरच्या बाजूला, एका गॅलरीत ओली पश्मिना चिमट्यांनी दोरीला टांगलेली दिसली आणि जीव कासावीस झाला. बदामी रंग, काठाला सोझनीचं बारीक भरतकाम. पाण्याच्या भारानं शाल मधोमध लोंबत होती, चिमट्यांपाशी काठ ताणला गेला होता. वरून पश्चिमेचं ऊन.

खडकी-दिघीची लष्करी ठाणी जवळ, त्यामुळे लेहला राहून आलेली घरं आमच्या भागात पुष्कळ. ट्रंकेच्या तळाशी अशी एखादी शाल निघतेच.

ही लोकर ज्या बकरीची, ती लडाखच्या चांगथांग पठारावर, चार हजार मीटरच्याही वर राहते. हिवाळ्यात तिथला पारा उणे 40 पर्यंत उतरतो. भरड केसांच्या खाली तिला बारीक लव येते, जाडी 12 ते 15 मायक्रॉन. आपला केस साधारण 70 चा. उन्हं वाढली की ही लव आपोआप सुटू लागते, आणि चांगपा लोक ती फणीनं विंचरून काढतात. साफ केल्यावर एका बकरीची पश्म उरते ती जेमतेम. एका शालीला तीनेक बकऱ्या लागतात.

हे कळलं की धुण्याची रीत वेगळी शिकावी लागत नाही. केस आहे, केसासारखा धुवावा. कपड्यांच्या बऱ्याच पावडरींत डाग काढायला प्रोटीएज नावाचं विकर घातलेलं असतं. ते प्रथिनं तोडतं, आणि केसही प्रथिनाचाच. डागाबरोबर शालही झिजते. त्यापेक्षा रिठ्याचं पाणी बरं, नाहीतर लहान मुलांचा शाम्पू. पाणी धुताना आणि खळबळताना सारखंच कोमट. गरम पाण्यात चोळलं की केसावरचे खवले एकमेकांत अडकतात, शाल आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते. पिळायचं तर नाहीच. पंच्यात गुंडाळून दाबावी आणि खाटेवर, सावलीत, पसरून ठेवावी. गॅलरीचा मोह टाळावा.

कसर मात्र घरातच येते. कपाटाच्या अंधारात दडणारा तिचा फिकट पतंग काही खात नाही, खाते त्याची अळी. आणि तिला घामाचा, सांडलेल्या आमटीचा डाग असलेली लोकर जास्त आवडते. म्हणून शाल ठेवताना धुऊन, पुरती वाळवून ठेवायची. डांबराच्या गोळ्यांचा वास मला सोसत नाही. शाल वापरणं हा सगळ्यांत चांगला उपाय, असं माझं ठाम मत आहे. भाजी आणायलासुद्धा पांघरावी. सत्कारात मिळालेल्या शाली पिशवीतून न काढता कपाटात रचणाऱ्यांचा मला राग येतो.

पावसाळी दमट हवा सुरू झाली की कपाट उघडायचं, आणि त्याच दिवसांत आळंदीहून निघालेली माऊलींची पालखी दिघीवरून विश्रांतवाडीत येते. हल्ली पावसाला प्लास्टिकचे कागदच जास्त दिसतात. तरी एखाद्या म्हाताऱ्या वारकऱ्याच्या खांद्यावर घोंगडी असते आणि माझी नजर दिंडी सोडून तिच्यामागे जाते. दख्खनी मेंढीची लोकर, काळी, भरड, अंगाला टोचणारी. वर्षातून दोनदा कातरायची. सूत कातायचं ते धनगरांच्या बायकांनी, विणायचं सनगरांनी, आणि विणण्याआधी ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची. नव्या घोंगडीला त्या खळीचा आंबूस वास येतो. पश्मिनेच्या मऊपणाइतकाच तो मला प्रिय आहे. चिंचोके भाजून, भरडून, शिजवून केलेली खळ नसेल तर हातमागाच्या ओढाताणीत सूत तुटतं. घोंगडी धुण्याचे लाड कुणी करत नाही. झटकायची, उन्हात टाकायची, तिच्यावरच निजायचं. पावसात धनगर तिचीच खोळ करतो.

तुकोबांच्या पालखीपुढे बारामतीजवळच्या काटेवाडीत परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, आणि तिथेच धनगर आपल्या मेंढ्या पालखीभोवती पळवून रिंगण करतात. धुणाऱ्यांचा आणि लोकर वाढवणाऱ्यांचा मान एकाच गावात. यंदा माऊली पुण्यातून पुढे गेल्या की मी बारामतीची एसटी धरणार आहे.