सायकलवरून कुरुंदवाड

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ आमचे कुरुंदवाड वसले आहे. १९४८ पर्यंत ते पटवर्धनांच्या संस्थानाचे गाव होते. आज तिथे नगरपालिका आहे. तरी बाजारातले बोलणे अजून उसाचे, वांग्याचे आणि नदीच्या पाण्याचेच असते.

मी कृषी खात्यातला माणूस. नोकरीपायी अनेक तालुके पालथे घातले. रजेवर घरी आलो की धाकट्या भावाची सायकल काढतो. दारात मोटारसायकल उभी असताना काका पायडल का मारतात, हे पुतण्यांना कळत नाही. जमिनीचा उतार मोटारसायकलीला समजत नाही, मांड्यांना समजतो, एवढेच त्याचे कारण.

घाटावरून निघावे. इथे संताजी घोरपडे यांची समाधी म्हणून ओळखली जाणारी वास्तू आहे. पूल ओलांडला की पलीकडे नृसिंहवाडी. पावसाळ्यात नदीचे पाणी दत्तमंदिरात उत्तरेकडून शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिण दाराने बाहेर पडते. त्या दक्षिणद्वाराच्या स्नानाला माणसे लांबून येतात. आमच्याकडे पाणी घरात येणे हा देवाचा सोहळाही आहे आणि संसाराची धूळधाणही.

गावात बदल झाले ते बरेचसे चांगलेच. कौलांच्या जागी स्लॅब आले, मुली कॉलेजला जाऊ लागल्या. गणेशोत्सवात पाच मशिदींत गणपती बसतो, ती रीत मात्र आजही चालू आहे. ऐकणाऱ्याला नवल वाटते, आम्हाला त्यात नवल वाटत नाही.

आता उताराचे सांगतो. जुन्या वस्तीतून खाली मळ्यांकडे सायकल आपसूक धावते. पूर्वी तिथे नुसते ऊस आणि भाजीपाला होता. आता रस्त्याकडेला प्लॉट पडले आहेत. पावसाचे पाणी ज्या ओघळीने ओढ्याला जायचे, ती कुठे मुरूम टाकून भरली आहे, कुठे तिच्यावर कुंपण आले आहे. २००५, २०१९ आणि २०२१ साली महापुराने गावाला वेढा दिला. कट्ट्यावर चर्चा होते ती अलमट्टी धरणाची. ती व्हायलाच हवी. पण बुजवलेल्या ओघळीचे नाव कोणी काढत नाही, कारण प्लॉट घेणारा आणि विकणारा दोघेही त्याच कट्ट्यावर बसलेले असतात!

तीच ओघळ शेतालाही हवी असते. काळी जमीन आणि उसाला मोकाट पाणी. त्यामुळे जमिनीतली पाण्याची पातळी वर चढते, वरचे पाणी वाफ होऊन उडते आणि क्षार मागे राहतात. सायकलच्या वेगात बांधाकडेचा पांढरा थर स्पष्ट दिसतो. उसाचे कोंब तिथे बसके, पिवळे. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने तालुक्यात अशा जमिनींत छिद्रांचे पाईप पुरून निचऱ्याची कामे झाली आणि पडीक रानांत पुन्हा पिके आली. परंतु पाईपातून निघालेले पाणी शेवटी ओढ्यालाच न्यावे लागते. एकट्याच्या रानात हे काम होत नाही. खालचा शेजारी वाट देईल तेव्हाच वरच्याची जमीन सुधारते. (जमीन चोपण असेल, म्हणजे मातीचा सामू साडेआठच्या वर असेल, तर नुसता निचरा पुरत नाही, माती परीक्षण करून जिप्समही द्यावे लागते.)

आमची खालची पट्टी याच रस्त्याला लागून आहे. भावाने तिथे घर बांधायचे ठरवले आहे. त्याचेही खोटे नाही. जुन्या घरात तीन कुटुंबे दाटीने राहतात, आणि रस्त्याकाठी मुलांना बस दारात मिळेल. पट्टीत आंब्याचे झाड आहे. २०१९ च्या पाण्याची खूण त्याच्या खोडावर आम्हीच खिळा मारून ठेवली आहे. परवा सायकल खोडाला टेकवून पाहिले, खिळा हँडलच्याही वीतभर वर होता.

भाऊ म्हणाला, "दादा, जोते पाच फूट घेऊ. हाय काय त्यात?"

चहाचे कप उचलता उचलता भावजय नवऱ्याला म्हणाली, "माणसं वर बसतील. म्हशी कुठं बांधायच्या?"

भावाने अजून उत्तर दिलेले नाही. पाया खणणाऱ्याला मात्र दिवाळीनंतर ये म्हणून सांगितले आहे.