सोपाऱ्याच्या गोविंददासाचं टाकं

नाणेघाटाच्या लेण्यात राजघराण्याचे फक्त पाय उरलेत. मागच्या भिंतीला टेकून सातवाहनांचे पुतळे ओळीनं उभे होते, प्रत्येकाच्या डोक्यावर ब्राह्मीत नाव. सिमुक, सातकर्णी, देवी नायनिका, महारठी त्रणकयिर. नावं अजून लागतात. नावांखालची माणसं मात्र घोट्यापासून वर नाहीशी झाली आहेत.

जायचं मला खरं तर तिकालला होतं. ग्वाटेमालाच्या जंगलातलं ते माया लोकांचं शहर, झाडांच्या शेंड्यांवर डोकं काढणारी उंच देवळं, त्यांच्या पायऱ्या. एका फिल्ममध्ये पाहिल्यापासून ते मनात आहे. पण भातसा धरणाजवळच्या आमच्या भातसानगरहून तिकालला जायला आधी पैसे लागतात, मग पासपोर्ट. नाणेघाटाच्या पायथ्याच्या वैशाखऱ्याला जायला शहापूर, किन्हवली, सरळगाव, टोकावडे एवढंच लागतं. आणि सोबतीला शेजारचे काका. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊनही त्यांच्या डोक्यातून धरण काही उतरलेलं नाही.

चढण उभी आहे आणि वाटेवर जागोजागी दगड बसवलेले आहेत. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच खिंडीतून जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. दोन हजार वर्षं ही वाट कुणा ना कुणाच्या पायाखाली राहिली, आणि तरी एकोणिसाव्या शतकात साहेब येऊन लेख पाहून गेले की लेणं ‘उजेडात’ येतं! तिकालचंही तसंच. १८४८ साली सरकारी मोहीम तिथं पोचली ती आसपासच्या माणसांनी वाट दाखवली म्हणून.

डाव्या-उजव्या भिंतींवर यज्ञांचा जमाखर्च आहे. दोन अश्वमेध, राजसूय, दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण, सगळं आकड्यांत. हेच आकडे भगवानलाल इंद्रजींनी उलगडले. आपल्याकडच्या अंकांचा हा फार जुना पुरावा. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं, शून्य नाही. माया लोकांनी टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच आणि शंखशिंपल्याच्या आकाराचं शून्य एवढ्या तीन खुणांवर हजारो वर्षांची कालगणना बसवली. या भिंतीपुढे उभं राहून मला त्यांचा हेवा वाटला. आपल्या शून्याला अजून काही शतकं अवकाश होता.

काकांना यातलं काही नको होतं. ते लेण्याजवळच्या पाण्याच्या टाक्याच्या काठावर उकिडवे बसून आत बघत होते. “राजे राहू देत,” म्हणाले, “गाळ शेवटचा कधी काढलाय ते विचार.”

हा प्रश्न तिकाललाही लागू आहे. त्या शहराला नदी नव्हती. फरसबंद चौकांवर पडणारा पाऊस उतारानं साठवण तलावांत उतरवायचा आणि कोरड्या महिन्यांत तोच पुरवायचा, यावर हजारो माणसं जगली. त्यांनी बांधलेला एक बंधारा सुमारे ८० मीटर लांब आणि १० मीटर उंच होता. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी प्रथमच मान हलवली. पुढे नवव्या शतकात अवर्षणं आली. मधल्या मोठ्या तलावांचं पाणी शेवाळलं होतं, देवळा-राजवाड्यांच्या लाल रंगातला पारा झिरपून त्यात मुरला होता. कळस तसेच राहिले, माणसं निघून गेली. फोटो मात्र कळसाचेच निघतात.

नाणेघाटात आणखी एक लेख आहे, इतका छोटा की यज्ञांच्या यादीपुढे तो कुणाच्या लक्षातही येऊ नये. सोपाऱ्याच्या गोविंददासानं ही पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, धर्मदाय दिली. बस. गाई किती, घोडे किती, काही नाही. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा. समुद्रकाठच्या श्रीमंत बंदरातला हा माणूस. त्यानं डोंगरावरच्या वाटसरूसाठी कातळ खोदवून पाणी ठेवलं. मोठ्या लेखाच्या सुरुवातीला ज्या देवांना नमन आहे त्यांत वरुण आहे, पण वरुणाचं काम गोविंददासानं केलं असं मला वाटतं.

आता पाणी उलट्या दिशेनं जातं. मुंबईला लागणाऱ्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा आमच्या भातसेचा. धरणातून सुटलेलं पाणी पिसे बंधाऱ्यापाशी उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि ते महानगरात पोचतं. आणि एप्रिल-मेमध्ये शहापूरच्या कितीतरी पाड्यांवर टँकर येतो. धरण ज्या तालुक्यात, त्याच तालुक्यात. मुंबईनं पाणी पिऊ नये असं कोण म्हणेल? पण डोंगराकडून घेतलेल्यातलं थोडं डोंगराला परत द्यावं, हे बंदरातल्या एका माणसाला दोन हजार वर्षांपूर्वी सुचलं होतं आणि त्यासाठी त्याला महामंडळ लागलं नव्हतं.

उतरताना काकांची आकडेमोड चालू होती. टाक्याची लांबी, रुंदी, अंदाजे खोली. किती माणसांना किती दिवस पुरेल, हे त्यांना वैशाखऱ्याच्या आत काढायचं होतं. मध्येच थांबून म्हणाले, “भातसेवर असा लेख कोरायचा झाला तर देणारा म्हणून नाव कुणाचं घालशील?”

खात्याचं, मी म्हणालो. काकांनी जोरात नाही म्हटलं. खातं फक्त बांधणारं. ज्यांची शेतं पाण्याखाली गेली, ती नावं घालायला हवीत, आणि ती एका दगडात मावायची नाहीत.