तिसरा पुकारा

घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लावून मगच वापरावयास घ्यावी, हा आमच्या घरचा जुना परिपाठ आहे. गेल्या वैशाखात आमच्या धाकट्या पुतण्याने मालवाहू टेम्पो दारात आणून उभा केला, तेव्हा मात्र आमच्या वहिनी तबक हाती घेऊन उंबऱ्याशीच थबकल्या. "ही नवी म्हणायची, की कुणाच्या दारातून ओढून आणलेली?" असे त्यांनी विचारले. टेम्पो लिलावातला होता. हप्ते थकल्यामुळे कर्ज देणाऱ्या कंपनीने तो मूळ धन्याकडून ताब्यात घेतला होता. पुतण्या हसला आणि म्हणाला, "आई, पावती आहे माझ्याजवळ." वहिनींनी कुंकू लावले. त्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर आम्हांस पुढे दोन महिन्यांनी मिळाले, व त्यासाठीच हा लेखप्रपंच आहे.

आमचा पुतण्या लोणची, पापड व फराळाचे जिन्नस साताऱ्याहून पुण्याच्या दुकानांस पुरवितो. भाड्याच्या वाहनात नफा जिरून जातो, म्हणून त्याला स्वतःचा 'छोटा हत्ती' हवा होता. नव्याची किंमत झेपण्याजोगी नव्हती. लिलावाची माहिती त्यानेच काढली, आणि "काका, तुम्ही बरोबर चला, कागद तुम्ही वाचा," असे म्हणाला. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या असल्याने कागद वाचण्याच्या कामी आमचा उपयोग होईल, असे त्यास वाटले असावे.

कागद आम्ही खरोखरच वाचले. त्यांतील मुख्य मंत्र एकच होता: 'जसे आहे, जेथे आहे'. वाहन आवारात उभे असते, यंत्र सुरू करून ऐकता येते, परंतु चालवून पाहता येत नाही. बॅटरी मूळची आहे की बदललेली, टायर किती झिजले, हे ज्याचे त्याने पाहावे. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून जुने दंड, विम्याची मुदत व फिटनेसची तारीख आम्ही आधीच पाहून ठेवली होती. दंडाचे ९,५०० रुपये निघाले, ते पुढे आमच्याच माथी आले. सांगाड्यावरील क्रमांक पुस्तकातील क्रमांकाशी अक्षरशः ताडून पाहिला. कर्जाचा बोजा उतरविण्याचा पस्तीस क्रमांकाचा नमुना व कंपनीचा ना-हरकत दाखला हाती येईपर्यंत गाडी आपल्या नावावर होत नाही, हेही पुतण्यास बजावले. घरे व जमिनी यांचा लिलाव बहुधा २००२ च्या सरफेसी कायद्याने होतो, व तेथे बोली जिंकणाऱ्यास चौथाई रक्कम त्याच दिवशी किंवा कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरावी लागते. उरलेली मुदतीत न भरल्यास भरलेली बुडते, आणि ती बुडविणे योग्यच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली सांगितले आहे. आमच्या वाचकांपैकी कोणी स्वस्त सदनिकेच्या मोहात असेल, तर त्याने जुन्या धन्याची विजेची थकबाकीही अवश्य विचारून घ्यावी.

लिलावाच्या आदल्या रात्री आम्ही अर्थशास्त्राची प्रत काढून बसलो होतो. 'लिलाव' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला, पण वस्तू त्याहून पुष्कळ जुनी आहे. घर विकावयाचे तर शेजाऱ्यापाजाऱ्यांसमक्ष त्याची किंमत तीन वेळा पुकारावी, कोणी हरकत न घेतल्यास घेणाऱ्यास ते मिळावे, असे कौटिल्य सांगतो. बोली बोलणाऱ्यास त्याने 'प्रतिक्रोष्टा' असे नाव दिले आहे. चढाओढीने किंमत वाढली तर ती वाढ शुल्कासह राजाच्या कोशात जावी, असा त्याचा दंडक. ते वाचून आम्हांस मौज वाटली व पुतण्यास ते मोठ्या उत्साहाने सांगितले. ती वाढ हल्ली कोणाकडे जाते, हा प्रश्न मात्र त्या रात्री आमच्या मनात आला नाही.

पुण्याच्या वाटेवरील एका मोकळ्या आवारात दीडदोनशे वाहने उन्हात उभी होती. पुतण्याने दोन टेम्पो हेरून ठेवले होते. दोहोंपैकी एकावर २,४०,००० पर्यंत जावयाचे, असे घरी ठरले होते. पुकारा सुरू होण्यापूर्वी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांचे एक टोळके आमच्याकडे आले. त्यांतील एक वयस्क गृहस्थ नमस्कार करून म्हणाला, "मास्तर, पोराला सांगा, पहिला टेम्पो आम्हांला सोड. दुसऱ्यावर आमच्यातला कोणी तोंड उघडणार नाही." पुतण्याने आमच्याकडे पाहिले, आणि आम्ही मान हलविली.

दुसऱ्या टेम्पोची मूळ बोली १,८०,००० होती. कोणा परगावच्या माणसाने पाच हजार वाढविले, पुतण्याने आणखी पाच. मग सगळे आवार गप्प झाले. दोनदा पुकारा झाला, तिसरा झाला, आणि १,९०,००० रुपयांस टेम्पो आमचा झाला. घरी येताना आम्ही पेढे घेतले. पन्नास हजार वाचले, हे वाक्य त्या दिवशी आम्ही स्वतःच किती वेळा उच्चारले असेल!

टेम्पो धुताना आसनाखालच्या पेटीत हप्त्यांच्या पावत्यांची चवड निघाली. अठ्ठेचाळीसपैकी एकतीस हप्ते भरलेले होते. तिच्याखाली तिसरीच्या मुलीची गणिताची वही होती. गुणाकार बरे होते, हातच्याची चूक मात्र पानोपानी होत होती, आणि बाईंनी तांबड्या शाईने ती पानोपानी दाखविली होती. ज्याने चाळीस वर्षे तांबडी शाई वापरली त्याच्याने अशी वही रद्दीत घालवेना. मागच्या दारावर जुन्या धन्याचा फोन क्रमांक रंगविलेला होता. आम्ही फोन केला, आणि पुढल्या रविवारी एस. टी. ने कोरेगाव तालुक्यातील त्याच्या गावी गेलो.

मनुष्य पस्तिशीचा, अदबशीर होता. वडिलांच्या दुखण्यात सात हप्ते चुकले, असे त्याने न विचारता सांगितले. कंपनीविषयी त्याची तक्रार नव्हती. नोटीस आली होती, शेवटची संधीही मिळाली होती, पण पैसाच नव्हता. आता तो दुसऱ्याच्या गाडीवर चालक आहे. चहा झाल्यावर त्याने एक पत्र आणून आमच्यापुढे ठेवले व "गुरुजी, एवढं वाचून सांगा," असे म्हणाला. व्याज, दंड, गाडी ओढून नेण्याचा व आवाराचा खर्च धरून त्याच्याकडे २,४६,००० रुपये निघत होते. विक्रीचे १,९०,००० वजा जाता ५६,००० अद्याप देणे होते, व ते न भरल्यास पुढील कारवाई होईल, असे त्यात लिहिले होते.

लिलावाची रक्कम ऋणकोच्या खात्यात जमा होते, देणे फिटून उरले तर ते त्यास परत मिळते, आणि तूट आली तर ती त्याच्याच शिरावर राहते, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. त्या कागदांत तेही वाचले होते. कौटिल्याच्या राज्यात चढाओढीची वाढ राजाची, आणि आजच्या कायद्यात ती या माणसाची, एवढाच फरक. आवारातील सगळी माणसे जेव्हा गप्प बसली, तेव्हा ती याच्या पैशांवर गप्प बसली होती. मालविक्रीच्या १९३० च्या कायद्यात लिलावाचे एक कलम आहे. विकणाऱ्याने खोटी बोली लावून किंमत चढविली तर त्यावर त्यात उपाय सांगितला आहे. घेणारे संगनमताने मुके झाले तर काय, याविषयी ते कलमही मुकेच आहे. आम्ही वाचविलेले पन्नास हजार त्या पत्रात कोणत्या ओळीवर होते, ते आम्हांस बोट ठेवून दाखविता आले असते.

आम्ही पत्र वाचून दाखविले. हप्ते बांधून मागावे, एकरकमी तडजोडीचा अर्ज करावा, असे सांगितले व अर्जाचा मसुदाही तेथेच लिहून दिला. बाकीचे सांगितले नाही.

घरी आल्यावर थोरल्या बंधूंच्या कानी घातले. ते म्हणाले, "व्यवहार तो व्यवहार; आपण चोरी केली नाही." पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग खाली पाहून म्हणाला, "काका, मान तुम्हीच हलवली होती." ते खरेच होते. आमच्या निवृत्तिवेतनातून त्या माणसास काही द्यावे असे मनात येते, परंतु ते कोणत्या नावाने द्यावे, हे अद्याप सुचलेले नाही. वहिनींस काहीच सांगितलेले नाही.

त्या दिवशी तो आम्हांस फाट्यापर्यंत पोहोचवावयास आला होता. मुलीने वही छातीशी धरली होती. एस. टी. दिसू लागली तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, एक सांगायचं राहिलं. दुसरा गिअर पडताना अडतो. जोर करू नका म्हणावं पोराला. क्लच पुरता दाबायचा, क्षणभर थांबायचं, मग अलगद पडतो."

पुतण्यास आम्ही तसे सांगितले. पहाटे पाचला टेम्पो निघतो, तेव्हा वळणावर तो क्षणभर थांबलेला आम्हांस अंथरुणातूनही ऐकू येतो.