मास्तरांची जीभ

ज्या माणसामुळे माझ्या वडिलांचं तोंड वाचलं, तो स्वतः उभा जन्म पाइप ओढत आला होता. सुरतेच्या नानपुऱ्यात राहणारे पारशी गृहस्थ, उधन्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये डाइंग मास्टर. गिरणीत सगळे त्यांना मास्तरच म्हणत, म्हणून आम्हीही. वडील त्यांच्या हाताखाली कापड रंगवायच्या जेट मशीनवर होते. आमचं गाव अमळनेराकडचं. खानदेशातल्या माणसाला मुंबईपेक्षा सुरत जवळची. भुसावळ-सुरत पॅसेंजरने बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं आली आणि लिंबायत, उधना, पांडेसरा इथे राहिली. आम्ही लिंबायतला होतो.

मी बी.एस्सी.ला होतो तेव्हा वडिलांनी मास्तरांच्या कानावर घातलं, की पोराला रसायनशास्त्र जड जातंय. मास्तर म्हणाले, संध्याकाळी पाठव. पैशाचं नाव काढायचं नाही, ही अट त्यांचीच. त्यांच्या ओटीवर मी आम्ल आणि आम्लारी शिकलो ते पुस्तकातून कमी आणि त्यांच्या पाइपमधून जास्त.

मास्तरांची जीभ हळवी होती. पाइप ओढणाऱ्यांच्या जिभेला तंबाखू चावते. टोकाला चटका बसल्यासारखं होतं, कडा सोलवटतात, दुसऱ्या दिवशी चहासुद्धा झोंबतो. बाकीचे लोक हे सोसतात. मास्तर हाडाचे रंगारी, त्यांना कारण हवं असे. कापडाच्या शेडची नोंद ठेवायची तशी त्यांनी जिभेची वही ठेवली होती. कोणती तंबाखू, ओली की कोरडी, सावकाश ओढली की घाईने, आणि सकाळी जीभ कशी. विलायतेतले, अमेरिकेतले नातेवाईक येताना डबे आणत, त्यामुळे प्रयोगाला माल भरपूर.

त्या वहीतून मला कळलं की चावा एक नसतो. व्हर्जिनियाच्या पानात साखर खूप असते. गरम हवेच्या भट्टीत वाळवलेलं ते पान तापून जळतं, आणि घाईने ओढलं तर जिभेचं टोक भाजतं. तंबाखू ओली असेल तर धुराबरोबर वाफ येते, आणि वाफेचा चटका कोरड्या धुरापेक्षा वाईट. सुगंधी तंबाखू ओलसर राहावी म्हणून तिच्यात ग्लायकॉलसारखे पदार्थ घालतात, त्यामुळे वासाला गोड तीच जिभेला तिखट. बर्लीची गोष्ट निराळी. सावलीत, वाऱ्यावर वाळवलेल्या त्या पानात साखर जवळजवळ उरत नाही आणि तिचा धूर आम्लारीकडे झुकतो. असा धूर छातीत न ओढताही त्यातलं निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून सरळ रक्तात उतरतं. लाकडाच्या धुरावर धरलेली सायप्रसची लताकिया मास्तरांना मानवायची. त्यांच्या एका वर्गमित्राचं वेगळं होतं, त्याला बर्ली चालायची आणि व्हर्जिनियाने तोंड यायचं. ‘जेनी तेनी जीभ,’ मास्तर म्हणायचे.

हे ते मला दाखवूनही द्यायचे. पॉलिएस्टरचं कापड 130 अंशांवर, आम्लधर्मी पाण्यात रंगतं. त्यासाठी पीएचचे कागद त्यांच्या खिशात कायम असत. एक पट्टी ओली करून ते पाइपच्या धुरात धरत. व्हर्जिनियाला कागद पिवळ्याच्या आसपास राही, बर्लीला हिरवट होई. तो कागद पाहिल्यावर मला पीएचचा धडा पुन्हा वाचावा लागला नाही.

गप्पांत ते सुरतेचा जुना इतिहासही काढत. जहांगीराच्या दरबारी आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो 1615 साली सुरतेलाच उतरला. त्याचा पाद्री एडवर्ड टेरी याने लिहून ठेवलंय, की या देशात तंबाखू अमाप पेरतात, पण ती मुरवून कडक करण्याची हातोटी लोकांना नाही. जहांगीराने 1617 मध्ये तंबाखूवर बंदी घातली आणि ती कुणी पाळली नाही, हे सांगताना मास्तर पाइप पेटवत असत.

एका उन्हाळ्यात ते आमच्याकडे जेवायला आले. आईने शेवभाजी केली होती, झणझणीत. वडिलांनी ताटात दूध घेतलं आणि भाकरीचे बारीक तुकडे करून त्यात कुस्करले. ठेच्याशिवाय ज्यांचं जेवण होत नसे ते वडील कित्येक दिवस असंच जेवत होते. तोंड आलंय, उष्णता झालीय, म्हणून आई सब्जा भिजवायची, गुलकंद द्यायची. केमिस्टकडच्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्याही झाल्या होत्या. वडील मावा खायचे. सुपारीची कात्रण, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोळून चोळायचा आणि गालात धरायचा. रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून गिरणीतले निम्मे लोक तेच करत.

मास्तरांचा हात ताटातच थांबला. जळजळ कधीपासून, त्यांनी विचारलं. दिवाळीपासून, आई म्हणाली. पाइपाने पोळलेली जीभ, पाइप बाजूला ठेवला की एकदोन दिवसांत निवते, हे त्यांच्या वहीत पानोपानी लिहिलेलं होतं. ते म्हणाले, ‘मारी बळतरा बे दिवसनी. आ तो दिवाळीथी छे.’ मग खिशातून पट्टी काढून त्यांनी वडिलांचा मावा थेंबभर पाण्यात कालवला आणि कागद बुडवला. तो गर्द निळा झाला. चुन्यामुळे निकोटिन मोकळं होतं आणि जोरात भिनतं, हे त्या क्षणी मला समजलं. पण मास्तरांचा रोख सुपारीवर होता. दुसऱ्या दिवशी स्वतः रजा टाकून ते वडिलांना दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी वडिलांना स्वतःची तीन बोटं एकावर एक, उभी, दातांमध्ये घालायला सांगितली. दोनच गेली. गाल आतून पांढुरके आणि दोरखंडासारखे ताठ झाले होते. या रोगाला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. आफ्रिकेतल्या भारतीय बायकांमध्ये त्याचं वर्णन 1952 मध्ये झालं, आणि पुढच्याच वर्षी डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातले रुग्ण नोंदवले. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे आणि तांब्यामुळे गालाखालचे तंतू वाढत जातात, कातडीची लवचीकता जाते, तोंड मिटत येतं. तिखट झोंबणं ही त्याची पहिली खूण. पुढे यातल्या काही जणांना कर्करोग होतो. वडिलांच्या गालाचा तुकडा तपासला, कर्करोग नव्हता. सुपारी आजच्या आज बंद, डॉक्टर म्हणाले.

मग डॉक्टरांनी मास्तरांनाही खुर्चीत बसवलं. त्यांची टाळू पांढरी पडली होती आणि तिच्यावर लाल ठिपके होते. पाइप ओढणाऱ्यांची टाळू अशी होते. पाइप आणि ओठाचा कर्करोग यांचा संबंध तर जर्मन वैद्य झोमरिंग याने 1795 सालीच दाखवला होता. खाली रस्त्यावर आल्यावर वडील आपल्या अहिराणीत म्हणाले, ‘तुम्ही सोता वढतस, आन माले सोडाले सांगतस?’ मास्तरांना अहिराणी येत नव्हती, तरी हे वाक्य पोचलं. ‘तू सुपारी छोड, हूं पाइप छोडूं,’ ते म्हणाले.

आणि त्यांनी सोडला. सहज सुटला असं सांगितलं तर खोटं होईल. पुढचे काही महिने रंगखात्यात त्यांच्यापुढे उभं राहायला लोक घाबरत, शेड फेल गेली की आभाळ कोसळे. खिशात पीएचच्या पट्ट्यांशेजारी वरियाळीची, म्हणजे बडीशेपेची, पुडी आली. वडिलांची तल्लफ उसळली की ते मास्तरांच्या केबिनच्या काचेतून आत बघत आणि परत मशीनवर जात. गालात इंजेक्शनं, आइसक्रीमच्या काड्या दातांत धरून तोंड उघडायचा व्यायाम, असं बरेच दिवस चाललं. तिसरं बोट शेवटपर्यंत पुरतं गेलं नाही, पण रोग जिथे होता तिथे थांबला. म्हातारपण पाहून वडील गेले. मास्तर त्यांच्या आधी गेले.

नंतर वाचनात आलं, की तोंडं तपासून असं दुखणं हुडकण्याचं काम एका पारशी दंतवैद्याने आधीच करून ठेवलं होतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता डेन्मार्कच्या पिंडबोर्ग यांच्यासह 1960च्या दशकात खेडोपाडी हिंडले आणि पाच जिल्ह्यांतल्या 50,000हून अधिक माणसांची तोंडं त्यांनी तपासली. खंभातच्या आखातापलीकडचा भावनगर त्यांतलाच एक. तिथे लोक हुकली नावाची मातीची आखूड चिलीम ओढत, आणि ओढणाऱ्यांच्या तोंडात पांढरे चट्टे आढळत. नुसती सुपारीही, तंबाखूशिवाय, कर्करोग करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्ये जाहीर केलं. गुजरातने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आणली. आता सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळते, गिऱ्हाईक हातावर एक करतो.

मास्तरांना मी कधी काही देऊ शकलो नाही. त्यांना घ्यायचंही नव्हतं. ज्ञान त्यांनी फुकट दिलं, त्याची परतफेड शिक्षक होऊन थोडीफार होते. पण आपल्या हळव्या जिभेवरून दुसऱ्याच्या तोंडातलं दुखणं ओळखणं, आणि त्याला एकट्याला पथ्य करावं लागू नये म्हणून उतारवयात स्वतःचं एकुलतं सुख सोडणं, याची फेड नाही. वर्गात पीएच शिकवताना मी माव्याचं पाणी घेतो आणि पट्टी मुलांच्या हाती देतो. घरी जाऊन बापाला तीन बोटं घालायला सांगा, एवढाच गृहपाठ.

तुम्हालाही तेच सांगतो. घरात कुणाला तिखट सोसेनासं झालं असेल, घास लहान होत चालला असेल, तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नसेल, तर गुलकंदावर थांबू नका. त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि जमलं तर स्वतः बरोबर जा.