तटावरचे घर

किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गवताने वेढलेले बुरूज, गंजलेली तोफ आणि निर्मनुष्य शांतता उभी राहते. आमच्या गोव्यातील बहुतेक किल्ले मी असेच पाहिले आहेत. सकाळी जावे, समुद्राचा वारा अंगावर घ्यावा आणि ऊन तापण्यापूर्वी घरी परतावे. किल्ल्यातही रोज सकाळी केर निघतो, दारात मुले भांडतात, तिन्हीसांजेला चुली पेटतात, हे मला व्हिएतनाममधील ह्वे या नगरीने दाखविले.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी पुतण्याकडे दा नांग येथे गेलो होतो. तेथून आगगाडीने हाय व्हानचा घाट ओलांडला की काही वेळाने ह्वे येते. नकाशात हे नाव ‘ह्यू’ असे लिहिलेले आढळते. तेथील लोक ‘ह्वे’ म्हणतात. शहराच्या मधून हुओंग नदी वाहते. तिच्या नावाचा अर्थच सुगंध. एके काळी ही भूमी चंपा राज्याची होती. त्या राज्याचे अनेक शिलालेख संस्कृतात आहेत. १३०६ साली चंपाचा राजा जयसिंहवर्मन याने उत्तरेकडील दाई व्हिएतच्या राजकन्येशी विवाह केला आणि हा मुलूख तिच्या माहेरास दिला.

१८०२ साली न्गुयेन घराण्यातील जिआ लाँग हा सम्राट झाला व त्याने ह्वे येथे राजधानी केली. १८०५ मध्ये तटाचे काम सुरू झाले आणि त्याचा पुत्र मिन्ह मांग याच्या कारकीर्दीत, १८३२ साली, ते पुरे झाले. तटाचा घेर सुमारे १० किलोमीटर. उंची ६ मीटरांहून अधिक आणि जाडी तब्बल २१ मीटर! आत मातीची भर व बाहेरून विटांचे बांधकाम. बाहेर खंदक, आत दुसरा कोट आणि त्याच्याही आत सम्राटाचे अंतःपुर. या घराण्याचे तेरा सम्राट येथे झाले. शेवटच्या बाओ दाई याने ३० ऑगस्ट १९४५ रोजी दक्षिणेकडील न्गो मोन या महाद्वारावर उभे राहून राज्यत्याग केला.

राजे गेले, परंतु नगराचे भोग संपले नाहीत. १९४७ च्या लढाईत अनेक राजवाडे जळाले. १९६८ च्या जानेवारीअखेर, चांद्र नववर्षाच्या सणातच, युद्ध तटाच्या आत शिरले आणि जवळजवळ महिनाभर घराघरांतून लढाई चालली. त्यानंतरच्या हलाखीच्या काळात ज्यांना कोठेच जागा नव्हती, अशी हजारो कुटुंबे तटावर आणि खंदकाच्या काठी राहू लागली. एकवीस मीटर रुंदीच्या भिंतीवर घर उभे राहते, परसातील भाजीही पिकते. शिवाय पावसाळ्यात नदीला पूर आला की तट हीच काय ती उंच जागा!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोंग बा वेशीजवळ एका आजींच्या गाड्यापाशी न्याहारीस बसलो. ‘कोम हेन’ हा तेथील गरिबांचा पदार्थ. थंड भातावर नदीतील बारीक शिंपल्यांचे मांस, शेंगदाणे, पाला आणि मिरची घालतात. शिंपल्यांचे गरम पाणी वाटीत वेगळे देतात. पहिल्याच घासाला मला आमच्या तिसऱ्यांची आठवण झाली. आजींचा नातू कॉलेजात शिकत होता. त्याच्या इंग्रजीच्या आधाराने आमचे बोलणे सुरू झाले.

समोरचा तट मोकळा आणि स्वच्छ दिसत होता. १९९३ साली युनेस्कोने ह्वे येथील वास्तूंना जागतिक वारशाचा मान दिला, आणि २०१९ पासून तटावरील व खंदकाकाठच्या कुटुंबांना नव्या वसाहतीत हलविण्यास आरंभ झाला. “फार चांगले झाले,” असे मी मोठ्या जाणकारीने म्हणालो. नातवाने ते आजींना सांगितले. त्या किंचित हसल्या आणि त्यांनी हातातील पळीने तटाकडे बोट करावे तशी खूण केली. तेथे त्यांचे घर होते. त्या घरात त्या सून म्हणून आल्या, तेथेच त्यांची मुले वाढली.

मी ओशाळलो. पण आजींच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. जुने घर पावसात गळे, भिंतींना कायम ओल असे. नव्या घरी नातवंडांना कोरडे अंथरूण मिळाले, हे त्यांनी आपणहून सांगितले. नव्या घरात त्यांनी सर्वांत आधी पूर्वजांचा देव्हारा नेला, मग भांडीकुंडी. फक्त संध्याकाळचा वारा आणि शेजारणी मात्र बरोबर नेता आल्या नाहीत. म्हणूनच त्या रोज पहाटे इतक्या लांबून येथेच गाडा लावण्यास येतात.

ते ऐकताना मला माझी आजी आठवली. रस्ता रुंद करण्यासाठी आमचे जुने घर पाडले, तेव्हा तिने तुळशीखालची माती पदरात बांधून नव्या घरी नेली होती. मी त्या वेळी शाळकरी होतो. नव्या घराच्या आनंदात तिला एक शब्दही विचारला नाही. जे तिला विचारायचे राहिले, ते मी इतक्या वर्षांनी परक्या देशातील दुसऱ्या एका आजीकडून ऐकत होतो.

तट राखलाच पाहिजे, यात मला शंका नाही. विटा ढासळल्या तर दोनशे वर्षांची साक्ष नाहीशी होईल. परंतु पडत्या काळात त्या तटाने ज्यांना आसरा दिला, त्यांची कहाणी हीदेखील तटाचीच कहाणी आहे. माहितीफलकावर सम्राटांची नावे असतात. आजींचे नाव तेथे कोण लिहिणार?

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्या गावातही एखादा कोट, एखादी पडकी वेस असेल. ती कोणी बांधली हे पुस्तकात सापडेल. तिच्या सावलीत कोण राहिले, हे मात्र घरातील वडीलधाऱ्यांनाच विचारावे लागेल. ते सांगण्यास आहेत तोवर विचारा, आणि वहीत उतरवून ठेवा. मी तसे केले नाही, याची चुटपुट मला अजून लागून आहे.