आरमाराचा खाऊ

मुलांच्या हातावर कोणी खाऊ ठेवला, की तो कोणी दिला आणि कशासाठी दिला ही चौकशी घरातली वडीलधारी माणसे करतात. मुलांचे लक्ष खाऊकडे असते. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत अमेरिकेत मेरीलँडला धाकट्या भावाकडे गेले, तेव्हा ही चौकशी करण्याची पाळी माझ्यावर आली.

माझी अकरा वर्षांची भाची गॅरेजमध्ये पसारा मांडून बसली होती. प्लास्टिकच्या नळ्या, तीन छोट्या मोटारी, वायरींचे भेंडोळे आणि एक मेणाचे जाडजूड कडे. हे कडे कमोड बसवताना त्याच्या बुडाशी घालतात, असे कळल्यावर मी पदर सावरून दोन पावले मागे सरकले.

"आत्या, घाबरू नकोस, नवं आहे ते!" ती हसत म्हणाली, "मी पाण्याखाली चालणारं यंत्र करतेय. शाळेत सगळेच करतात."

या यंत्राला तिकडे 'सीपर्च' म्हणतात. मूळ कल्पना हॅरी बोम आणि व्हिकी जेन्सन यांच्या १९९७ च्या पुस्तकातली. २००३ साली एमआयटी या विख्यात संस्थेच्या सागरी विभागाने ती शाळांसाठी घडवली. आणि पैसा? तो अमेरिकन आरमाराच्या संशोधन कार्यालयाचा. हे ऐकले मात्र, माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. लढाईच्या खात्याने पोरांना खेळणी का वाटावीत?

आठ्या तशाच ठेवून मी स्टुलावर बसले आणि पाहत राहिले. पोरीने मोटारींची भोके चिकटपट्टीने बंद केली. एकेक मोटार डबीत ठेवून भोवती वितळलेले मेण ओतले. पाणी आत शिरू नये, पण दांडा तर फिरला पाहिजे! वायरींना डाग देताना तिची जीभ दातांत आली होती. नळ्यांना तिने मुद्दाम भोके पाडली, कारण आत हवा कोंडली तर यंत्र बुडणारच नाही.

संध्याकाळी न्हाणीघरातल्या टबात पहिली परीक्षा झाली. डबक्यातल्या म्हशीसारखे ते यंत्र कुशीवर कलंडले. मला वाटले, आता रडारड होणार. पण तिने फोमचे तुकडे सोडवले, कापले, वरच्या अंगाला बांधले आणि जड भाग खाली घेतला. यंत्र सरळ उभे राहिले. आर्किमिडीजचा सिद्धांत मी शाळेत तोंडपाठ केला होता. या पोरीने तो कात्रीने कापून जागच्या जागी बसवला.

रात्री जेवताना मी भावाला छेडले. "दाणे टाकून पाखरं धरायचाच हा प्रकार ना रे?"

"आरमाराला इंजिनिअर हवेत, ताई. ते तसं उघड सांगतात. पण दाणे खाऊन पाखरं कुठंही उडायला मोकळी आहेत."

मी भाषेची मास्तरीण. मला वाटे, या व्यवहाराशी माझा काय संबंध? पण इतिहास मोठा खट्याळ. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि १९५८ मध्ये अमेरिकेने शिक्षणाचा कायदा केला, तो 'राष्ट्रीय संरक्षण' हे नाव देऊन. त्यातून विज्ञान-गणिताला पैसा मिळाला, तसा परकीय भाषांनाही. आणि पहिल्या मोजक्या निवडक भाषांत हिंदी-उर्दू होती! आपल्याकडची एन. सी. सी.सुद्धा १९४८ पासून संरक्षण मंत्रालयाच्याच छत्राखाली आहे. तिच्या नौदल शाखेतली मुले जहाजांच्या प्रतिकृती करतात, हवाई शाखेतली छोटी विमाने उडवतात. हेच काम गणवेशाशिवायही होते. २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा शाळाशाळांतून निघाल्या, त्या मुलकी खर्चानेच.

तरीही खाऊ कोणाचा, हे पोरीला ठाऊक असावे, असे मला वाटले. निघण्याच्या आदल्या दिवशी मी तिला सांगितले.

"अशी यंत्रं लढाईतही जातात?" तिने विचारले.

"जातात."

"आणि बुडालेली जहाजं शोधायला?"

"तिथंही जातात."

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मी मोठी झाले, की कुठं पाठवायचं ते मीच ठरवीन."

हे ती खरोखर ठरवू शकेल का, ठाऊक नाही. माझ्या मनातला काटा पुरता निघालेला नाही आणि तो निघू नये, असेच मला वाटते. पण मुंबईला परतल्यावर दुसरीच गोष्ट डोळ्यांत खुपू लागली. शेजारचा सातवीतला मुलगा बंद पडलेला पंखा उघडायला बसला होता. आतून आवाज आला, "ठेव तो स्क्रू-ड्रायव्हर! शॉक बसेल. उद्या परीक्षा आहे ना?"

मुलांच्या हातांचे मोल आरमाराला कळते, ते त्याच्या कारणांसाठी. आपल्याजवळ तर त्याहून कितीतरी चांगली कारणे आहेत. तेव्हा आरमाराला नावे ठेवण्याआधी, प्लग काढून का होईना, तो पंखा पोराच्या हाती द्यायला काय हरकत आहे?